टोकन दिलं, साठेखत व्हायचंय : मधल्या दिवसांत काय मागायचं?

पत्र

ताई, नमस्कार. आम्ही दोघं नोकरी करतो आणि गेली आठ वर्षं भाड्याने राहतोय. कर्वेनगरला १९९८ सालच्या सोसायटीतला टू बीएचके पसंत पडला. ८२ लाखांना व्यवहार ठरला आणि एक लाख टोकन ऑनलाइन दिलं. पावती म्हणून विकणाऱ्या काकूंचा ‘मिळाले’ एवढा व्हॉट्सॲप मेसेज आहे. फ्लॅट काकू आणि काकांच्या जोडनावावर होता. काका २०१९मध्ये गेले. सोसायटीने नॉमिनेशनवर शेअर सर्टिफिकेट काकूंच्या नावे केलंय, म्हणून एजंट म्हणतो टायटल क्लिअर आहे. त्यांची मुलगी नाशिकला आणि मुलगा न्यू जर्सीला असतो. आमचं ६० लाखांचं लोन सँक्शन झालंय. आता एजंट म्हणतो, आठ दिवसांत दहा लाख द्या, नाहीतर काकू दुसरं गिऱ्हाईक बघतील. शिवाय सहा लाख रोख द्यायचे आणि साठेखत, म्हणजे विक्रीचा करार, ७६ लाखांचं करायचं, म्हणजे स्टॅम्पही वाचेल. मला हे पटत नाही. नवरा म्हणतो, तू फार शंका काढतेस. काकू चहा-पोहे खाल्ल्याशिवाय उठू देत नाहीत, त्यांच्याकडे मुलांच्या सह्या कोणत्या तोंडाने मागायच्या? दसऱ्याला गृहप्रवेश करायचा आहे आणि घरमालकांना जागा सोडतोय असं सांगूनही टाकलंय. मी जास्त करतेय का?
– एक वाचक, पुणे

उत्तर

नाही, जास्त करत नाही आहात. उलट ज्या दोन ठिकाणी मन अडकलंय, मुलांच्या सह्या आणि रोख रक्कम, नेमकी तीच दोन ठिकाणं या व्यवहारात कच्ची आहेत. दहा लाख आत्ता देऊ नका. काकूंनी दुसरं गिऱ्हाईक बघितलं तर बघू द्या. वारसांचे कागद नसताना नीट चौकशी करणारं कुठलंही गिऱ्हाईक तिथेच येऊन थांबणार आहे.

शेअर सर्टिफिकेटपासून सुरुवात करते, कारण एजंटचा सगळा भर त्यावरच आहे. नॉमिनेशनमुळे सोसायटीला एवढंच कळतं की सभासद गेल्यावर पत्रव्यवहार कुणाशी करायचा आणि मेंटेनन्स कुणाकडून घ्यायचा. त्याने मालकी बदलत नाही. सहकारी संस्था कायद्यात २०१९मध्ये जी दुरुस्ती झाली, तिच्यात तर हे स्पष्टच आहे: वारसांचं ठरेपर्यंत नॉमिनीला तात्पुरता सभासद म्हणून घ्यायचं. आता तुमच्या फ्लॅटचा हिशेब मांडा. जोडनावावर होता, म्हणजे साधारणपणे निम्मा काकूंचा आणि निम्मा काकांचा. काकांनी मृत्युपत्र केलं नसेल, तर हिंदू वारसा कायद्याप्रमाणे त्यांचा निम्मा हिस्सा पत्नी, मुलगा आणि मुलगी यांच्यात सारखा वाटला जातो. म्हणजे मुलाचा सहावा हिस्सा आणि मुलीचाही सहावा. ८२ लाखांत दोघांचे मिळून सव्वासत्तावीस लाखांच्या वर होतात. काकू कितीही मनापासून विकत असल्या, तरी दोन तृतीयांशच विकू शकतात. उरलेल्या एक तृतीयांशाबद्दल तुमच्याकडे आज कुणाचीच सही नाही.

आणखी एक प्रश्न आहे, जो एजंट कधीच विचारत नाही आणि जाणता वकील पहिल्यांदा विचारतो: २०१९मध्ये काका गेले तेव्हा काकांच्या आई हयात होत्या का? असतील तर त्याही पहिल्या वर्गातल्या वारस. मग काकांच्या निम्म्याचे तीन नाही, चार वाटे होतात. आजी नंतर गेल्या असतील, तर त्यांचा आठवा हिस्सा त्यांच्या वारसांकडे, म्हणजे काकांच्या भावाबहिणींकडेही जातो. काकूंच्या दिरांना किंवा नणंदांना आपला त्या फ्लॅटमध्ये वाटा आहे हे माहीतही नसेल. पण कागदावर तो असतो, आणि बँकेचा वकील तो काढतो. त्यामुळे चहा घेता घेता सहज विचारा, ‘काकांच्या आई कधी गेल्या?’ हा प्रश्न कुणाला लागत नाही आणि त्याच्या उत्तरावर कागदांची सगळी यादी ठरते.

आता हे दुरुस्त कसं करायचं? रस्ते दोन आहेत. एक म्हणजे मुलगा आणि मुलगी आधी आईच्या नावे हक्कसोडपत्र करून देतात, ते नोंदवलं जातं आणि मग एकट्या काकू तुम्हाला विकतात. दुसरा म्हणजे साठेखतावर तिघंही विकणारे म्हणून सह्या करतात. मी तुमच्या जागी असते तर पहिला धरला असता. त्याला कारण आहे. मुलगा अनिवासी भारतीय. तो विकणारा म्हणून साठेखतावर आला, की त्याच्या हिश्श्यावर तुम्ही कापायचा टीडीएस, म्हणजे किमतीतून कापून आयकर खात्यात भरायचा कर, एक टक्का राहत नाही. दर कितीतरी चढा, प्रक्रिया वेगळी, आणि चुकलं तर आयकर खातं खरेदीदाराला, म्हणजे तुम्हाला, विचारतं. मोबदला न घेता आईच्या नावे हक्क सोडला तर हा गुंता उरत नाही, आणि जवळच्या नात्यातल्या अशा हक्कसोडपत्राला मुद्रांकही नाममात्र लागतो.

मुलाने त्यासाठी पुण्याला यायची गरज नाही. तिकडे नोटरीसमोर सही करून अपोस्टिल, म्हणजे परदेशातही चालणारा सरकारी शिक्का, घेऊन किंवा भारतीय वकिलातीत जाऊन कुलमुखत्यारपत्र (पॉवर ऑफ ॲटर्नी) करता येतं. त्यात ‘या फ्लॅटच्या हक्कसोडपत्रासाठी’ असं नेमकं लिहिलेलं असावं, मोघम नको. मुखत्यार म्हणून नाशिकच्या बहिणीचं नाव घालावं, आईचं नको. हक्क आईच्याच नावे सुटणार आहे, तेव्हा देणारी आणि घेणारी सही एकाच व्यक्तीची दिसू नये. मूळ कागद भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर इथला मुद्रांक भरून घ्यायचा असतो, म्हणून कुरिअरचा लिफाफा फेकू नका, पोचल्याची तारीख त्यावर असते. स्कॅन किंवा पीडीएफवर दुय्यम निबंधक नोंदणी करत नाहीत.

इथे एजंट एक तोडगा सुचवेलच, मी पैज लावते: ‘मुलांचं नोटरीवर ना-हरकत घेऊ, झालं.’ होत नाही. स्थावरातला हक्क सोडायचा तर दस्त नोंदवावाच लागतो. नोटरीच्या शिक्क्याने मुलाचा सहावा हिस्सा हलत नाही, फक्त पाचशेचा स्टॅम्प पेपर खर्ची पडतो.

संकोचाचं म्हणाल, तर तो मी समजू शकते. पण काकूंना हे कागद तुमच्यासाठी नाही, त्यांच्याचसाठी लागणार आहेत. आज तुम्ही घ्या की उद्या आणखी कुणी घ्या, कर्ज काढून घेणाऱ्याला बँक हेच मागणार. आणि सगळ्या वारसांची संमती नसताना ‘मी एकटी मालक’ असं लिहून दिलं, तर उद्या उत्तर द्यायची पाळी त्यांच्यावरच येईल. त्यांना तसंच सांगा: ‘काकू, बँकेच्या वकिलांनी मागितलंय, ताई आणि दादाची सही लागेल.’ यात खोटं काही नाही, बँकेचा वकील खरंच मागणार आहे. घरच्या माणसांना हे माहीतच नसेल आणि मुलाला ‘आई घर विकतेय’ ही बातमी तुमच्यामुळे कळणार असेल, तर ते तुम्हाला एक लाखात कळलेलं बरं, अकरा लाखांत नको.

आता कर्ज. ‘लोन सँक्शन झालंय’ हे वाक्य ऐकलं की मला धास्तीच वाटते. सँक्शन लेटर म्हणजे बँकेने तुमचा पगार, सिबिल आणि चालू हप्ते बघून तुमच्याबद्दल दिलेला होकार. घराबद्दल तिने अजून काहीच म्हटलेलं नाही. घराचा होकार दोन अहवालांनंतर येतो: पॅनेलवरच्या वकिलाचा, तो बहुधा तीस वर्षांचा सर्च, म्हणजे जुन्या नोंदींचा शोध, घेतो, आणि व्हॅल्युअरचा. साठेखताची किंमत आणि व्हॅल्युअरने काढलेली किंमत यांत जी कमी, ती बँक धरते. ३० ते ७५ लाखांच्या कर्जाला रिझर्व्ह बँकेची मर्यादा त्या किमतीच्या ८० टक्के आहे. समजा व्हॅल्युअरने २८ वर्षं जुनी इमारत बघून ७२ लाख लावले, तर कर्ज ५७ लाख ६० हजारांवर थांबतं, आणि वरचे दोन लाख चाळीस हजार साठेखताच्या तोंडावर तुम्हाला उभे करावे लागतात. मुद्रांक आणि नोंदणीचा खर्च बँक घराच्या किमतीत धरत नाही, तो वेगळाच. म्हणून या आठवड्यात दहा लाख देण्याऐवजी कागदांचा संच बँकेला द्या आणि लीगल-टेक्निकल, म्हणजे हे दोन अहवाल, सुरू करा. फी जाईल, जाऊ दे. पॅनेलच्या वकिलाला आधीच विचारून ठेवा की हक्कसोडपत्रावर भागेल की न्यायालयातून वारस दाखला लागेल. दाखला म्हणाला तर महिन्यांचं गणित बदलतं.

तरीही स्वतःचा वकील वेगळा करा. बँकेचा वकील बँकेचं कर्ज सुरक्षित आहे का ते बघतो, तुमचं पार्किंग त्याच्या अहवालात येत नाही. तुमचा वकील वर्तमानपत्रात जाहीर नोटीस देईल, बहुधा चौदा दिवसांची मुदत ठेवून. तिच्यावर कुणी हरकत घेतली नाही म्हणजे सगळं ठीक असं नाही, पण घेतली तर वेळेत कळतं. बिल्डरबरोबरचा १९९८चा मूळ करारनामा डोळ्यांनी बघा, झेरॉक्स नको. लॉकरमध्ये आहे असं म्हणाले तर लॉकर उघडायच्या दिवशी जा. काकांनी तेव्हा कर्ज काढलं असेल तर ते फिटल्याचं बँकेचं पत्र मागा.

सहा लाख रोख. याला माझं उत्तर साधं ‘नाही’ असं आहे. घराच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून जास्त रोख घेणं कायद्याने मना आहे, आणि घेणाऱ्याला तेवढाच दंड व्हायची तरतूद आहे. म्हणजे एजंट काकूंचंही भलं करत नाहीये. वाचणारा मुद्रांक मोजला तर ४२ हजार. तेही वाचतीलच असं नाही, कारण रेडी रेकनरचं, म्हणजे शासनाने ठरवलेल्या दराने येणारं, मूल्य ७६ लाखांच्या वर निघालं तर मुद्रांक त्या वरच्या आकड्यावरच लागतो. शासनाच्या संकेतस्थळावर दर बघता येतो, आज रात्रीच बघा. उलट सहा लाखांची पावती नाही, मोडला व्यवहार तर ते मागायची सोय नाही, आणि दहा-बारा वर्षांनी तुम्ही विकाल तेव्हा तुमची खरेदी किंमत सहा लाखांनी कमी धरली जाईल आणि त्यावरचा कर तुम्ही भराल.

मुद्रांक खरंच वाचवायचा तर सरळ मार्ग आहे. पुण्यात दर सात टक्के, पण खरेदीदार फक्त स्त्री असेल तर सहा. ८२ लाखांवर हा फरक ८२ हजारांचा होतो. नवऱ्याचं नाव खरेदीदार म्हणून आलं की सवलत गेली. तो कर्जात सहकर्जदार राहू शकतो. मात्र मालक नसेल तर गृहकर्जावरची आयकर सवलत त्याला मिळणार नाही, तेव्हा दोघांचा पगार आणि कोणती कररचना निवडलीय ते बघून ठरवा. एकट्या बाईच्या नावावर घर म्हटल्यावर घरात काय चर्चा होईल ते मी तुमच्यावर सोडते. नोंदणी फी ३० हजारांच्या वर जात नाही.

किंमत ५० लाखांच्या पुढे आहे, म्हणून प्रत्येक हप्त्यातून एक टक्का टीडीएस कापून तुम्ही भरायचा, महिना संपल्यापासून तीस दिवसांत. एकूण ८२ हजार. हे पैसे काकूंच्या किमतीतूनच जातात, वरून द्यायचे नसतात, आणि हे त्यांना आत्ताच समजावून सांगा, नाहीतर शेवटच्या चेकला ‘एवढे कमी कसे?’ सुरू होतं. आधी त्यांचं पॅन आधारला जोडलेलं आहे ना ते तपासा. जोडलेलं नसेल तर पॅन निष्क्रिय समजलं जातं आणि एक टक्क्याऐवजी वीस टक्क्यांची नोटीस खरेदीदाराच्या घरी येते. ज्येष्ठ नागरिकांच्या बाबतीत हे नेहमी राहून गेलेलं असतं.

सोसायटीकडून थकबाकी नसल्याचं पत्र घ्या. विक्रीला सोसायटीची परवानगी कायद्याने लागत नाही, बँक मात्र ना-हरकत मागते, म्हणून घेऊन ठेवा. महापालिका हद्दीत हस्तांतर अधिमूल्य, म्हणजे सोसायटीची ट्रान्स्फर फी, २५ हजारांपेक्षा जास्त घेता येत नाही. त्यावर ‘ऐच्छिक देणगी’ सांगितली तर ती ऐच्छिक आहे हे लक्षात ठेवा. भोगवटापत्र, म्हणजे इमारत वापरायला महापालिकेने दिलेला दाखला, मागा, मिळकतकराची पावती मागा. पार्किंग कुठल्या कागदावर आहे ते विचारा: स्टिल्टमधलं, म्हणजे इमारतीखालच्या खांबांमधलं, पार्किंग बिल्डरला स्वतंत्रपणे विकता येत नाही असं सर्वोच्च न्यायालयाने २०१०मध्ये सांगितलंय, त्यामुळे ‘आमचंच आहे’ या बोलण्याला सोसायटीच्या वाटपपत्राची जोड हवी. आणि कोथरूड-कर्वेनगर पट्ट्यात १९९८ची इमारत म्हणजे पुनर्विकासाचा विषय सभेत निघालेला असणारच. मागच्या दोन वर्षांची इतिवृत्तं वाचायला मागा. विकसक ठरलेला असेल तर काही बँका कर्जालाच मागे हटतात, आणि तुम्ही ज्या स्वयंपाकघराची फरशी बदलायची ठरवताय ते घर किती दिवस उभं आहे हेही कळेल.

इसारपावतीशिवाय, म्हणजे टोकनच्या लेखी पावतीशिवाय, पुढे जाऊ नका. व्हॉट्सॲपवरच्या ‘मिळाले’मध्ये कशाचे मिळाले हेही लिहिलेलं नाही. पावतीत किंमत, फ्लॅट आणि पार्किंग, मुदत, आणि दोन वाक्यं नक्की हवीत: मालकी हक्क निर्वेध नसल्याचं निघालं किंवा या मिळकतीवर कर्ज नाकारलं गेलं तर पूर्ण रक्कम किती दिवसांत परत मिळेल; आणि हक्कसोडपत्र नोंदल्याशिवाय साठेखत होणार नाही. पुढचे पैसे साठेखताच्याच दिवशी, काकूंच्याच खात्यात. दलालीही नोंदणीनंतर. साठेखतात बँकेकडून येणाऱ्या रकमेला पुरेसे दिवस ठेवा, कारण बँक नोंदवलेलं साठेखत आणि सूची दोन (नोंदणी झाल्याचा उतारा) हातात आल्यावर, आणि तुमचा स्वतःचा हिस्सा दिल्याचं बघितल्यावरच पैसे सोडते. ताबा आणि किल्ल्या शेवटच्या रकमेबरोबर. नोंदणी झाल्यावर परत फिरणं महागात पडतं, सगळा मुद्रांक त्या दिवशी भरलेला असतो.

त्या दिवसाचं एक सांगते. पुण्याच्या हवेली तालुक्यातल्या कुठल्याही दुय्यम निबंधक कार्यालयात गेलात तरी बाकावर तास दीड तास जातो आणि मग एकदम घाई होते: अंगठा, फोटो, पुढचे चला. अंगठ्याआधी संगणकावर भरलेल्या माहितीची छापील प्रत हातात येते. ती तिथेच उभं राहून वाचा. फ्लॅट नंबर, मजला, सर्व्हे नंबर, क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये, पॅन, आणि नावांची स्पेलिंगं. काकूंचं आधारवरचं नाव आणि १९९८च्या करारावरचं नाव एकच आहे का ते आधीच बघून ठेवा. लग्नानंतरचं, माहेरचं, एक अक्षर इकडेतिकडे, याच्यावर चुकदुरुस्तीपत्र करायला पुन्हा सगळ्यांना गोळा करावं लागतं. टायपिस्ट चिडेल. चिडू दे.

दसऱ्याचं मात्र मनातून काढा. हक्कसोड, सर्च, नोटीस, साठेखत, कर्जाचं वितरण एवढं सगळं त्यात बसवायला गेलात तर एखादा कागद गाळला जाईल, आणि तो मुलाच्या सहीचा असेल. दसरा चुकला तर वीसेक दिवसांनी दिवाळीचा पाडवा आहे, तोही चुकला तर गुढीपाडवा. साडेतीन मुहूर्त आहेत कशाला? घरमालकांना आजच फोन करून दोन-तीन महिने वाढवून मागा. थोडं भाडं वाढवून मागितलं तर द्या.

नवऱ्याला हे पत्र वाचायला द्या, आणि एजंटला आज संध्याकाळी एवढाच मेसेज पाठवा: ‘८२ लाख पूर्ण चेकने. इसारपावती आणि हक्कसोडपत्राचा मसुदा आमचे वकील पाठवतील. मुलगा आणि मुलगी दोघांचा नंबर द्या, वकील बोलतील. पुढची रक्कम साठेखताच्या दिवशी.’ त्याने ‘काकूंना विचारून सांगतो’ असं उत्तर दिलं तर काकूंकडे तुम्ही स्वतः जा, मुलीला फोनवर घ्या, आणि आजींचं तेव्हाच विचारा.